गाडी साडेअकराचं अ‍ॅव्हरेज देतेय, पण पेट्रोल नक्की जातंय कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १.२ लिटर पेट्रोलची छोटी मॅन्युअल गाडी, घेऊन ८ महिने झाले, रनिंग जेमतेम ३ हजार किमी, रोज ऑफिसला ६ किमी जायचं आणि ६ किमी यायचं, वाटेत डझनभर सिग्नल, एसी कायम चालू, आणि डिस्प्ले दाखवतोय साडेअकरा. कंपनीचा आकडा वीसच्या वर. सर्व्हिसवाले म्हणतात गाडी ओके आहे, शेजाऱ्यांची सेम गाडी १८ देते. मग प्रीमियम पेट्रोल टाकू का, उतारावर न्यूट्रल करू का, की गाडीतच काही फॉल्ट आहे?

मी २२ वर्षं गॅरेज चालवतोय, त्याआधी काही वर्षं गाडी शिकवायचो, त्यामुळे ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येतेच. आधीच सांगून टाकतो, तुमची गाडी न बघता फॉल्ट आहे की नाही हे मी काय कुणीच सांगू शकत नाही. पण ६ किमी, डझनभर सिग्नल आणि एसी एवढं ऐकल्यावर साडेअकरा वाचून मला काही धक्का बसला नाही. कोणतं पेट्रोल टाकायचं हे नंतर, आधी आत्ता टाकताय ते जातंय कुठे ते बघू.

साडेअकराच्या हिशोबाने तुमच्या एका फेरीला साधारण ५२० मिली पेट्रोल लागतं. आता हे ५२० मिली कुठे कुठे गेलं याचा ढोबळ हिशोब मांडतो, आकडे थोडे इकडेतिकडे होतील पण चित्र कळेल. हजार किलोची गाडी सपाट रस्त्यावर न थांबता चाळीसच्या आसपास ६ किमी न्यायची असेल तर टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून सव्वाशे ते दीडशे मिलीत काम होतं. बस, एवढंच. सिग्नलला उभं राहून इंजिन चालू ठेवलं की छोटं पेट्रोल इंजिन मिनिटाला १० ते १२ मिली पितं, एकूण ६ मिनिटं उभे राहिलात तर गेले ६०-७०. चाळीसवरून शून्यावर येऊन परत चाळीस पकडायला दर वेळी ८-९ मिली, म्हणजे १२ सिग्नलचे शंभरेक. एसीचे पन्नास-साठ धरा. उरलेले दीडशेच्या आसपास जातात थंड इंजिनमुळे, आणि मध्ये मध्ये जे ब्रेक-रेस ब्रेक-रेस चालू असतं त्यात. म्हणजे गाडी प्रत्यक्ष पुढे न्यायला लागलं पाव-एक पेट्रोल आणि बाकीचं वाटेत सांडलं. यातलं काही तुमच्या हातात आहे, काही नाही.

हातात नसलेलं आधी सांगतो म्हणजे उगाच स्वतःला किंवा गाडीला दोष द्यायला नको. थंड इंजिन. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की ऑइल घट्ट असतं, ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, मिश्रणात पेट्रोल जास्त सोडतो, आणि इंजिन नव्वद डिग्रीच्या आसपास येऊन नीट सेट व्हायला चारपाच किमी तरी लागतात, थंडीत अजून जास्त. तोपर्यंत तुमचं ऑफिस आलेलं असतं! संध्याकाळी परत तेच. म्हणजे तुमची गाडी तिच्या आयुष्यातला बहुतेक काळ गरम होण्यातच घालवतेय. शेजाऱ्यांना एकदा सहज विचारा रोज किती किमी जाता म्हणून, ३०-४० किमी मोकळ्या रस्त्याने जात असतील तर त्यांचे १८ आणि तुमचे साडेअकरा हे एकाच तब्येतीच्या गाडीचे आकडे असू शकतात. कंपनीचा आकडा तर लॅबमध्ये रोलरवर काढलेला असतो, ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या स्पीडने. एनईडीसी नावाची जुनी टेस्ट तर २० मिनिटांत ११ किमी अशी होती, एसी बंद ठेवून. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला, तुमच्या रस्त्याला लावायला नाही.

यावर काही जण म्हणतील, मग सकाळी पाच मिनिटं उभी ठेवून गरम करा. नको. उभ्या गाडीला पाच मिनिटांत शून्य किमी होतात आणि ५०-६० मिली जातात, वर इंजिन उभ्या उभ्या लवकर गरमही होत नाही. चालू करा, बेल्ट लावा, आरसे बघा, निघा, आणि पहिले दोन-तीन किमी हळुवार चालवा, अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर न्यायचं नाही. आणि छोटी छोटी कामं शक्य असतील तर एकाच फेरीत उरका, गरम इंजिनवर केलेले ४ किमी आणि थंड इंजिनवर केलेले ४ किमी यात फार फरक असतो.

आता हातात असलेलं, आणि यात सगळ्यात मोठा गडी म्हणजे ब्रेक. लोकांना वाटतं पेट्रोल एक्सलरेटरने जातं. बरोबर आहे, जातं तिथूनच, पण एक्सलरेटर दाबून तुम्ही गाडीत वेग साठवलेला असतो, तो वाया जातो ब्रेक मारल्यावर, पॅडची उष्णता होऊन. आणि हा साठा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून चाळीसवरून थांबलात तर ८-९ मिली गेले, पण साठवरून थांबलात तर १८-२०. दीडपट स्पीड, सव्वादोनपट नुकसान. दोन सिग्नलमध्ये ४०० मीटर अंतर असेल तर साठने ते २४ सेकंदात जातं आणि चाळीसने ३६ सेकंदात, मिळाले काय तर १२ सेकंद, ते पण पुढच्या लाल दिव्याखाली उभं राहायला.

मागे एक गिऱ्हाईक असंच चिडून आलं होतं, गाडी पेट्रोल पितेय म्हणून. मी म्हटलं चला, तुमच्या ऑफिसच्या रस्त्याने तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. माझ्या हातात जुन्या बिलाचा कागद, त्यावर ब्रेकला पाय गेला की एक रेघ. ७ किमीत ४३ रेघा झाल्या! साहेबांना स्वतःला पटेना. ड्रायव्हिंग बेशिस्त होतं असं अजिबात नाही, माणूस शांत होता, पण सवय अशी की पुढची गाडी सरकली की लगेच रेस द्यायची आणि तिच्या बंपरपाशी जाऊन ब्रेक मारायचा, परत रेस, परत ब्रेक. त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी मी चालवली, रेघा आल्या १८, पोचायला मिनिटभर जास्त लागलं असेल नसेल, आणि डिस्प्लेवर जवळपास तीनचा फरक. मी काही जादू केली नव्हती, फक्त पुढच्या गाडीच्या पुढची गाडी बघत होतो. तिचा ब्रेक लाइट लागला की पाय उचलायचा, सिग्नल लांबून लाल दिसला की गिअरमध्येच पाय काढून घ्यायचा, बरेचदा आपण पोचेपर्यंत हिरवा होतो आणि सेकंड-थर्डमध्ये गाडी चालती राहते. पूर्ण थांबलेली गाडी फर्स्टमध्ये उचलणं सगळ्यात महाग.

गिअरमध्येच पाय काढा म्हटलं, इथेच तुमचा न्यूट्रलचा प्रश्न येतो. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो, तुम्ही गिअरमध्ये असताना एक्सलरेटर पूर्ण सोडलात आणि आरपीएम साधारण दीड हजारच्या वर असेल तर ईसीएम पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं, म्हणजे नुसतं फिरत राहण्यापुरतं, पेट्रोल द्यावंच लागतं. तुमच्या डिस्प्लेवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवायची सोय असेल तर स्वतःच बघा, मागे कुणी नसताना उतारावर चौथ्या गिअरमध्ये पाय सोडा, आकडा एकदम टोकाला जाऊन चिकटेल, कारण जातंय शून्य. न्यूट्रलची सवय कार्बोरेटरच्या जमान्यातली, तेव्हा पाय सोडला तरी पेट्रोल जातच राहायचं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अगदी हलका उतार असेल, जिथे गिअरमध्ये पाय सोडला तर गाडी मंद होते, तिथे न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब जाते हे खरं आहे. पण तिथे पाचव्या गिअरमध्ये किंचित पाय ठेवून गेलात तर जवळजवळ तेवढंच काम होतं आणि गाडी ताब्यात राहते. घाटात तर न्यूट्रल चुकूनही नको. मी विशीत असताना शहाणपणा करून लांबलचक उतारावर न्यूट्रल टाकून आलो होतो, खालच्या वळणापाशी ब्रेकचा वास यायला लागला आणि पॅडल दगडासारखं कडक, दाबतोय पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. पॅड इतके तापले होते की पकडच गेली होती. इंजिन बंद करून उतरणारे महाभाग पण असतात, त्यांचं तर ब्रेक हलका करणारं व्हॅक्यूम दोनतीन दाबात संपतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

गिअरबद्दल दोन शब्द. पुष्कळ जण अ‍ॅव्हरेजसाठी इतकं हळू उचलतात की फर्स्ट-सेकंडमध्येच गाडी अर्धा किलोमीटर रांगते. उलटं होतं त्याने. पेट्रोल इंजिनात एक्सलरेटर थोडासाच दाबलेला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, आणि इंजिनाला अर्धवट नाक दाबून श्वास ओढल्यासारखी हवा ओढावी लागते, त्यात ताकद जाते. वरच्या गिअरमध्ये तोच स्पीड ठेवायला झडप जास्त उघडते, आरपीएम कमी, घर्षण कमी. म्हणून बेताचं पण ठाम उचला, दोन ते अडीच हजारला गिअर बदला, सपाट रस्त्यावर पन्नासला चौथा-पाचवा हवा, तिसऱ्यात पळवत बसू नका. याचं दुसरं टोकही आहे, तीसला पाचवा टाकला आणि गाडी धापा टाकायला लागली, डॅशबोर्ड थरथरला, तर समजा एक गिअर खाली यायचंय. कान द्या, गाडी सांगते. आणि क्लचवर पाय ठेवून चालवत असाल तर ते आजच बंद करा, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून उभं राहणं पण, त्यात पेट्रोलपेक्षा क्लच प्लेटचं बिल मोठं येतं.

सिग्नलला इंजिन बंद करावं का, तर अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं नक्की असेल तर करा. गरम इंजिन परत चालू करायला जेवढं पेट्रोल लागतं तेवढं दहाएक सेकंद आयडलिंगमध्ये जातं, त्यामुळे हिशोब बंद करण्याच्या बाजूनेच आहे. पण बॅटरी म्हातारी असेल किंवा सिग्नल १५ सेकंदांचा असेल तर जाऊ द्या, आणि गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय चावीला हात लावू नका.

एसी बंद करून घामाघूम होऊन चालवा असं मी सांगणार नाही. शहरात कमी स्पीडला छोट्या इंजिनावर एसीचा भार जाणवतोच, मोठ्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढे मात्र खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवेचा विरोध वाढून तिकडे जातं, तेव्हा काचा बंद आणि एसी चालू हेच बरं. उन्हात तापलेली गाडी असेल तर पहिलं अर्धं-एक मिनिट काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा आणि आतली हवा फिरवायचं बटण दाबा, म्हणजे बाहेरची गरम हवा परत परत थंड करावी लागत नाही. बऱ्याच साध्या गाड्यांत एसीची नॉब गरमकडे वळवली की कॉम्प्रेसरचं काम कमी होत नाही, थंड केलेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळते फक्त. अशा गाडीत पंख्याचा स्पीड कमी करा, नाहीतर मध्ये मध्ये एसी बंद करा.

हवा! टायरची. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा, टायरवर छापलेला नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. थंड टायरला चेक करायची, म्हणजे दोनतीन किमीच्या आत. महिन्याला एखादा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आपोआप जातो, थंडी पडली की अजून उतरते. चारही टायरमध्ये ५-६ पीएसआय कमी असेल तर एक-दीड टक्का जातोच, वर टायर कडेने खाल्ला जातो. जास्त भरून फायदा घ्यायचा हिशोब नको, ओल्या रस्त्यावर पकड जाते. डिकीतलं सामान उतरवा, ५० किलोला साधारण एक ते दोन टक्के धरा. आणि वर कॅरिअर असेल आणि वापरात नसेल तर काढून ठेवा, हायवेला तो चांगलाच खातो.

हायवेचं आलंच आहे तर एवढंच, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ऐंशीवरून शंभरला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज बघायचं असेल तर एकदा सुट्टीच्या दिवशी गरम इंजिनवर ७०-८० ने शंभरेक किमी जाऊन या. तिथे १८-२० आले तर गाडीत फॉल्ट नाही, विषय संपला. तिथेही १३-१४ च आले तर मग गॅरेज.

प्रीमियम पेट्रोल: ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून इंजिन ठोकल्यासारखं वाजणं, न होऊ देण्याची क्षमता. गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या ऑक्टेनवर तुमचं इंजिन नीट चालत असेल तर त्याच्या वरचं टाकून तुमच्या ६ किमीत काही दिसणार नाही. पेट्रोलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांच्यावर मी एक ओळसुद्धा खर्च करणार नाही. एअर फिल्टरबद्दल मात्र माझंही मत बदललं. आम्ही वर्षानुवर्षं सांगायचो फिल्टर चोक झाला की अ‍ॅव्हरेज पडतं, कार्बोरेटरला ते खरं होतं, पण अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांवर तपासलं तर अ‍ॅव्हरेज फारसं हललं नाही, पिकअप कमी झाला. येणारी हवा मोजून त्या प्रमाणातच पेट्रोल सोडलं जातं म्हणून. फिल्टर वेळेवर बदला, पण अ‍ॅव्हरेजच्या आशेने दर महिन्याला नको.

आता मोजायचं कसं, कारण डिस्प्लेवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, तो बरेचदा खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पहिल्या ऑटोकटला (नोझल आपोआप बंद होतो तेव्हा) थांबायचं आणि ट्रिप मीटर शून्य करायचा. तुमचं रनिंग कमी आहे, टाकी संपायची वाट बघितलीत तर महिना जाईल, त्यामुळे १५-२० लिटरची जागा झाली की परत त्याच पद्धतीने भरा, किमी भागिले लिटर. ऑटोकट दर वेळी थोडा मागेपुढे होतो म्हणून असं तीन वेळा करून सगळ्याची बेरीज करून भागा. ऑटोकटनंतर गळ्यापर्यंत भरायचं नाही, टाकीच्या वाफा शोषणारा कोळशाचा डबा असतो त्यात पेट्रोल गेलं तर वेगळं दुखणं. आणि हिशोब शंभर किमीला किती लिटर असाही करून बघा, १० चे १२ झाले तर शंभर किमीला दीड लिटरच्या वर वाचतं, १८ चे २२ झाले तर एकच लिटर. म्हणजे तुमच्यासारख्या कमी आकड्याच्या माणसाला दोनाचा फरक पण मोठा आहे. ब्रेक सुधारला आणि हवा बरोबर ठेवली तर याच रस्त्यावर १३-१४ यायला मला तरी अडचण दिसत नाही. १८ ची अपेक्षा ६ किमीच्या फेरीत ठेवू नका.

हे सगळं करूनही हलत नसेल तर सर्व्हिसला जायच्या आधी घरीच एक चाचणी करा. १५-२० मिनिटं गाडी चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून हळूहळू थांबा, आणि उतरून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका, भाजेल. पुढची दोन्ही सारखी आणि मागची दोन्ही सारखी गरम हवीत. एक बाई तीन ठिकाणी दाखवून माझ्याकडे आल्या होत्या, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, सगळं करून गाडी तेराच्या वर जाईना. मागचं उजवं चाक असं तापलेलं की जवळ हात धरवेना. हँडब्रेकची केबल अडकून ड्रम अर्धवट लागलेला राहत होता, बिचारी गाडी ब्रेक ओढून पळत होती. केबल बदलली, पंधराच्या वर गेली.

चाकं ठीक असतील तर बघा की हायवेला अर्धा तास चालवूनही टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या खालीच राहतो का. काटा नसेल तर थंड इंजिनचा निळा दिवा वेळेत जातो का. काटा खालीच राहत असेल किंवा दिवा जात नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकलाय, इंजिन कधी पूर्ण तापतच नाही आणि ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो. त्याच्यानंतर ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीएमला कळवणारा, त्यातला बिघाड गॅरेजच्या स्कॅनरवर दिसतो. गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे सर्व्हिसवाल्यांना नुसतं अ‍ॅव्हरेज देत नाही असं सांगू नका, ते परत ओके लिहून देतील. तीन वेळा भरल्याचे आकडे, हायवेचा आकडा आणि कोणतं चाक तापतंय हे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या आणि जॉब कार्डवर तसंच्या तसं उतरवून घ्या.